खासदाराला रणगाड्यांबद्दलही विचारा

खासदार गावात आले की आपण काय मागतो? रस्ता, सभामंडप, रेल्वेचा थांबा, फार तर कांद्याच्या निर्यातीचा प्रश्न. देशाच्या संरक्षणावर होणाऱ्या खर्चाबद्दल त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. 'त्यातलं आपल्याला काय कळतं' म्हणून आपण विषय सोडून देतो, आणि आपण सोडला की खासदारही सोडतात. माझी विनंती आहे की हा विषय सोडू नका. आणि ज्यांच्या शिवाराला लष्कराचं सरावक्षेत्र लागून आहे त्यांनी तर मुळीच सोडू नका.

आधी पैशाचं बघू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्या वर्षी केंद्र सरकारच्या शंभर रुपये खर्चातले साडेतेराच्या आसपास इथे जाणार होते. यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १ लाख ८० हजार कोटी नवी विमानं, जहाजं, तोफा अशा भांडवली खरेदीचे. बाकीच्यात पगार, शिधा, इंधन, दारूगोळा आणि देखभाल. मला हा आकडा मोठा वाटत नाही. आपल्या सीमा कशा आहेत आणि शेजारी कसे आहेत, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण एवढी रक्कम मंजूर करताना लोकसभेत किती वेळ बोललं जातं, हे एकदा पाहाच.

मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या सभागृहापुढे येतात, त्यातल्या मोजक्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या एका झटक्यात मताला टाकून मंजूर होतात. याला संसदेत 'गिलोटिन' म्हणतात. मार्च २०२३ मध्ये तर गोंधळ एवढा होता की सुमारे ४५ लाख कोटींचा सगळाच अर्थसंकल्प लोकसभेने काही मिनिटांत, चर्चेविना मंजूर केला. २०१८ सालीही असंच झालं होतं. दोन्ही वेळा संरक्षणाच्या मागण्या त्याच ढिगात होत्या. आपण निवडून दिलेली माणसं तेव्हा सभागृहात होती, आणि परत मतदारसंघात आल्यावर त्यांना कुणी याचा जाबही विचारला नाही.

आता घराजवळ येऊ. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. रणगाड्याची तोफ चालवायला शिकायचं तर ती कुठेतरी डागावी लागते, आणि गोळा जिथे पडतो त्याच्या पुढेमागे मैलोन्‌मैल माणूस नसावा लागतो. त्यासाठीचं सरावक्षेत्र म्हणजे के. के. रेंज, खारे कर्जुने गावावरून पडलेलं नाव. राहुरी, पारनेर आणि नगर या तीन तालुक्यांच्या सीमा तिथे येऊन भिडतात. २०२० साली इथल्या २३ गावांच्या जमिनी जाणार ही चर्चा पुन्हा उठली. वनकुटे, ढवळपुरी, वावरथ, जांभळी, बारागाव नांदूर ही त्यातली काही गावं. राहुरीच्या या पट्ट्याने आधी मुळा धरणाला जमीन दिली आहे, कृषी विद्यापीठाला दिली आहे. संपादनाची नुसती कुजबुज सुरू झाली तरी गावात काय होतं, ते तिथे राहणाऱ्याला विचारा. विहीर खोदावी की नाही, डाळिंब लावावं की नाही, मुलासाठी चार खोल्या चढवाव्यात की नाही, सगळं अडतं. गिऱ्हाईक जमिनीला भाव देत नाही. कागदावर काहीच झालेलं नसतं, पण वर्षं निघून जातात.

त्या वर्षी शरद पवार हे पारनेरचे तेव्हाचे आमदार आणि आताचे खासदार नीलेश लंके यांना बरोबर घेऊन दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांना भेटले. लोकप्रतिनिधींनी असं जायलाच हवं. पण बंद खोलीतल्या भेटीचं इतिवृत्त गावाच्या हाती येत नाही. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र छापलं जातं, ते वीस वर्षांनीही काढून दाखवता येतं, आणि त्याखाली मंत्र्याचं नाव असतं. म्हणून भेट झाल्यावर तोच प्रश्न लेखी स्वरूपात सभागृहातही विचारला गेला पाहिजे, असा आग्रह गावाने धरायला हवा.

सरावक्षेत्राची जमीन दोन प्रकारची असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. एक लष्कराने विकत घेतलेली, संपादित. दुसरी नुसती अधिसूचित: मालकी शेतकऱ्याची किंवा वनखात्याची, पण ठरावीक दिवशी तिथे गोळीबार करायची परवानगी. ही दुसरी व्यवस्था चालते १९३८ च्या कायद्यावर. इंग्रजांच्या काळातला कायदा, युद्धसराव, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव यांच्यासाठी केलेला, आजही लागू आहे. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात गावाच्या बाजूचं बरंच काही आहे. कोणतं क्षेत्र किती वर्षांसाठी सरावाला द्यायचं, हे राज्य सरकार राजपत्रात जाहीर करतं. म्हणजे हा प्रश्न फक्त दिल्लीचा नाही. तुमचा आमदार मुंबईत आणि नागपुरात तो विचारू शकतो. गावाला आधी इशारा द्यायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. नुकसान झालं तर भरपाई, आणि स्वतःचं किंवा मालमत्तेचं रक्षण करण्यासाठी जो वाजवी खर्च झाला तोही भरपाईत धरायचा. ती ठरवायला महसूल अधिकारी जागेवर पाठवायचा. त्याचा निर्णय पटला नाही तर दाद मागायची सोय आहे, मात्र तिची मुदत थोड्याच दिवसांची आहे. ती मुदत निघून गेल्यावर कायदा कळून उपयोग नसतो.

झारखंडमधल्या नेतरहाटच्या आदिवासींनी हा कायदा आपल्याला शिकवावा एवढं त्यांनी सोसलं आहे. १९६४ पासून तिथे तोफांचा सराव होत असे. नव्वदच्या दशकात सरावक्षेत्राची व्याप्ती २४५ गावांपर्यंत नेणारी अधिसूचना निघाली. मार्च १९९४ मध्ये हजारो माणसं टुटुवापानी इथे रस्त्यावर बसली आणि लष्कराच्या गाड्या परत गेल्या. पण कागद तसाच राहिला. पुढे अधिसूचनेची मुदत मे २०२२ पर्यंत वाढवली गेली. सराव बंद, तरी टांगती तलवार कायम, आणि दरवर्षी मार्चमध्ये लोक तिथे जमत राहिले. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी मुदतवाढ देणार नाही असं जाहीर केलं. इतकी वर्षं रस्त्यावर बसण्याची ताकद प्रत्येक गावात नसते. अधिसूचनेची मुदत कधी संपते ही तारीख मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असू शकते.

आणि वर्धा जिल्हा विसरू नका. पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. मे २०१६ च्या अखेरच्या रात्री तिथे आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि भांडाराच्या अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले. सदोष सुरुंगांतून स्फोटक पाझरत होतं, हे तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पुढे संसदेत सांगितलं. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, जवळच्या सोनेगाव आबाजीच्या शिवारात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचं काम सुरू होतं. हे काम असं असतं: खड्डे खणायचे, गाडीतून खोकी उतरवायची, ती खड्ड्यात रचायची, वर माती टाकायची आणि लांबून स्फोट घडवायचा. खोकी उतरवतानाच स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यातले बहुतेक आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते. खड्डा खणणाऱ्या आणि खोकं उचलणाऱ्या त्या माणसाला आत काय आहे हे कुणी समजावलं होतं का, त्याचा विमा होता का, ठेकेदाराच्या करारात सुरक्षेचं कलम होतं का? हे प्रश्न विचारल्याने कोणतंही लष्करी गुपित फुटत नाही.

इथे नेहमीची हरकत येते: सैन्याबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे सैन्याचं खच्चीकरण. ज्यांच्या घरातली मुलं फौजेत आहेत अशा कुटुंबांतूनही ही हरकत येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब मागणारा माणूस देवाच्या विरोधात नसतो, हे गावात सगळ्यांना कळतं.

१९६२ आठवा. चीनचं आक्रमण सुरू असताना, युद्ध संपायची वाट न पाहता, ८ नोव्हेंबरला संसदेचं अधिवेशन भरलं. पुढचे अनेक दिवस दीडशेहून अधिक सदस्य बोलले. पंतप्रधान नेहरूंवर त्यांच्या तोंडावर टीका झाली. सैन्याकडे काय नव्हतं, कुणामुळे नव्हतं, सगळं निघालं. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री झाले, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्या पराभवाच्या चौकशीबद्दल संसदेत निवेदन त्यांनीच केलं. पूर्ण अहवाल त्यांनी दिला नाही, पण प्रशिक्षणात, साधनसामग्रीत, नेतृत्वात काय उणं पडलं ते सभागृहाला सांगितलं. शत्रू दारात असताना जे चाललं ते आज चालू नये?

अलीकडचं सांगतो. जुलै २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा, तुंबळ युद्ध झालं तर, दहा दिवससुद्धा पुरणारा नव्हता. पुढच्या वर्षी संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे सेनेच्या उपप्रमुखांनी सांगितलं की सैन्याकडची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातली आहे. त्या समितीचे अध्यक्ष होते मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, निवृत्त सैनिक आणि सत्ताधारी पक्षाचे खासदार. दारूगोळा कमी पडतो तेव्हा तो चौकीवरच्या जवानाला कमी पडतो. ते हिशेबवहीतून शोधून काढणारा लेखापरीक्षक आणि ते अहवालात लिहिणारी समिती त्या जवानाचंच काम करत होती.

ही स्थायी समिती १९९३ पासून आहे. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे ओरडण्यात अर्थ नसतो आणि वेगवेगळ्या पक्षांची माणसं पुष्कळदा एकमताने लिहितात. अहवाल मात्र सर्वांसाठी खुला असतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, ही तिची मर्यादा. पण कोणती शिफारस स्वीकारली आणि कोणती का नाकारली, हे मंत्रालयाला कळवावं लागतं आणि समिती त्यावर पुन्हा अहवाल देते. मला तर हे दुसरे अहवालच जास्त वाचनीय वाटतात. एकच शिफारस वर्षानुवर्षं तशीच परत येताना त्यात दिसते. आपल्या जिल्ह्याचा खासदार या समितीवर आहे का, ते पाहा. असेल तर यंदाच्या किती बैठकांना तो हजर होता, हे त्याला सरळ विचारा. उत्तर देताना त्याला चाचपडावं लागलं, तर तेही तुमच्यासाठी उत्तरच आहे.

खासदाराला पत्र लिहिताना 'संरक्षण खर्चावर लक्ष द्या' असं मोघम लिहू नका, ते टोपलीत जाईल. एक जागा, एक तारीख, एक प्रश्न. के. के. रेंजच्या अधिसूचनेची मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि ती वाढवण्याआधी ग्रामसभांचं म्हणणं लेखी घेतलं जाणार आहे का? गेल्या पाच वर्षांत महाराष्ट्रातल्या सरावक्षेत्रांलगतच्या किती लोकांना भरपाई मिळाली आणि किती दावे पडून आहेत? न फुटलेले गोळे शोधून निकामी करायला दरवर्षी किती रक्कम ठेवली जाते आणि त्यातली किती खर्च होते? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. भंगाराच्या चार पैशांसाठी सरावक्षेत्रात शिरून, न फुटलेला गोळा हाताळताना जीव गमावलेली माणसं नगरच्या परिसरात झाली आहेत. घरात वेचून आणलेला असा तुकडा असेल तर त्याला हात लावू नका, पोलिसांना कळवा. खासदाराची वाट पाहत बसू नका.

मंत्र्याने सभागृहात 'तपासून घेऊ', 'लवकरच निर्णय करू' असं म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. सरकारी आश्वासनांची वेगळी समिती त्याचा पाठपुरावा करते, आणि ते पुरं करायला साधारण तीन महिन्यांची मुदत धरलेली असते. उत्तर मिळालं की त्याची प्रत ग्रामपंचायतीत लावा, तारीख लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी तेच उत्तर जोडून दुसरं पत्र पाठवा. एकट्याच्या सहीपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन जास्त. त्यावर गावातल्या माजी सैनिकांच्या सह्या घ्या. सरावक्षेत्रात काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

लोकसभेत प्रश्नाची सूचना उत्तराच्या दिवसाआधी किमान पंधरा दिवस द्यावी लागते. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, मग अधिवेशनाला मध्ये सुट्टी असते आणि त्या सुट्टीतच स्थायी समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. तेव्हा ग्रामसभेचा ठराव २६ जानेवारीच्या सभेत करून घ्या आणि त्याच आठवड्यात खासदाराच्या कार्यालयात पोच घेऊन द्या.