फोन मराठी बोलू लागला. मजकूर मात्र मुकाच!

प्रतिनिधी, मुंबई

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेची नोटीस, विजेचे बिल, मुलांच्या शाळेचे वेळापत्रक, बँकेचा व्यवहार, सरकारी योजनेचा अर्ज; शहरी माणसाच्या आयुष्यातील बहुतेक कागद आता मोबाईल फोनच्या पडद्यावर येतात. ज्याला दिसते त्याच्या दृष्टीने ही सोय आहे. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे मात्र एकच प्रश्न असतो: फोन हे वाचून दाखवील का? काही वर्षांपूर्वी त्याचे उत्तर 'इंग्रजीत असेल तर' असे होते. आता फोनला मराठी वाचता येते. तरीही दृष्टिहीन मराठी वाचकाची अडचण संपलेली नाही, कारण फोनपुढे जे ठेवले जाते ते अनेकदा वाचण्याजोगे नसते. दोष यंत्राच्या आवाजात कमी आणि आपल्या मजकुरात अधिक आहे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख व्यक्तींची दृष्टीविषयक अपंगत्व असलेल्या म्हणून नोंद झाली. महाराष्ट्रात ही संख्या पावणेसहा लाखांच्या घरात होती. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर न दिसणारे ज्येष्ठ नागरिक आणि मराठी बोलता येते पण वाचता येत नाही असे श्रमजीवी या हिशेबात धरलेलेच नाहीत.

बदल घडला तो २००९मध्ये

पडदा वाचून दाखवणारी साधने संगणकावर पूर्वीपासून होती. पण त्यांतील नावाजलेली साधने सामान्य भारतीयाला परवडणारी नव्हती. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात 'एनव्हीडीए' या मोफत साधनाचे काम सुरू झाले आणि संगणकापुरता हा अडसर कमी झाला. फोनच्या बाबतीत २००९ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आले आणि अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक'. वाचनाची सोय फोनच्या मूळ प्रणालीतच अंतर्भूत झाली आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज उरली नाही.

मराठीला मात्र बराच काळ थांबावे लागले. मराठी आवाज नसल्याने अनेकांनी देवनागरी मजकूर हिंदी आवाजात ऐकला. त्या आवाजात 'ज्ञानेश्वर'चे 'ग्यानेश्वर' होते आणि '२५' हा आकडा 'पच्चीस' म्हणून कानी पडतो. गुगलच्या वाचनसेवेत आता मराठी आवाज उपलब्ध आहे. अॅपलनेही २०२२च्या आयओएस १६पासून मराठीचा समावेश केला. केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्पही २०२२पासून भारतीय भाषांतील भाषांतर आणि वाचन यांवर काम करीत आहे.

मराठीचे वाचन यंत्राला सोपे नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. यंत्र आधी आकडे, तारखा आणि संक्षेप यांचे शब्द करते, मग शब्दांचे उच्चार ठरवते आणि शेवटी ध्वनी तयार करते. 'चहा'तील च आणि 'चमचा'तील च लिहायला एकच, उच्चाराला वेगळा. 'हे जग' आणि 'तू जग' यांतील ज वेगळा, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. यंत्राला ते संदर्भावरून ताडावे लागते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद गेला तर समुद्राची दरी व्हायला वेळ लागत नाही. पूर्वीच्या यंत्रमानवी आवाजापेक्षा आजचे आवाज कितीतरी नैसर्गिक आहेत. पण अशा चुका अद्याप ऐकू येतात.

सोय सुरू कशी करावी?

अँड्रॉइड फोनच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' हा विभाग असतो. त्यातील 'टेक्स्ट टू स्पीच' या पर्यायात जाऊन गुगलची वाचनसेवा निवडावी आणि मराठी आवाज उतरवून घ्यावा. आवाज एकदा उतरवला की इंटरनेट नसतानाही वाचन होऊ शकते. कंपनीनुसार पर्यायांची नावे आणि जागा थोड्या बदलतात. आयफोनमध्येही 'अॅक्सेसिबिलिटी'च्या विभागातच वाचनाचे आवाज निवडता येतात.

ज्यांना दिसते, पण दीर्घ मजकूर ऐकायचा आहे, त्यांना अँड्रॉइडमधील 'सिलेक्ट टू स्पीक' पुरेसे आहे. ज्यांना पडदा दिसतच नाही, त्यांच्यासाठी 'टॉकबॅक' आहे. ते सुरू झाले की फोनची वागणूक बदलते. एकदा स्पर्श केला की बोटाखालचे नाव ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ते उघडते आणि पडदा सरकवण्यासाठी दोन बोटे लागतात. हे ठाऊक नसताना टॉकबॅक सुरू केले, तर फोन बिघडला असे वाटण्याचा संभव असतो. आवाज वाढवण्या-कमी करण्याची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून ते बंद करण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. घरातील ज्येष्ठांना फोन लावून देताना हे आधी शिकवावे. आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवावा. बँकेचे व्यवहार करताना कानात इअरफोन असावा, अन्यथा खात्यातील शिल्लक सगळ्या डब्याला ऐकू जाईल.

अडते कुठे?

इथपर्यंत सारे जमले, तरी खरी परीक्षा पुढेच असते. सोसायटीची नोटीस बहुधा कागदाचे छायाचित्र म्हणून येते. छायाचित्रात फोनला अक्षरे नव्हे, तर चित्र दिसते. गुगल लेन्ससारख्या साधनांनी त्यातील देवनागरी ओळखता येते हे खरे. परंतु तिरका कागद, शिक्का, सही आणि तक्ता यांच्या गर्दीत ओळी मागेपुढे होतात.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. डोळ्याला मराठी दिसे, यंत्राला मात्र आतली रोमन अक्षरे आणि चिन्हे मिळत. अशा फॉन्टमधील पीडीएफ फोनला वाचायला दिली, तर तो निरर्थक अक्षरांची माळ म्हणून दाखवतो. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळेही एके काळी अशाच फॉन्टवर चालत आणि ई-पेपरची पाने आजही अनेकदा चित्ररूपात असतात. त्यामुळे या प्रश्नात वृत्तपत्रांना केवळ इतरांकडे बोट दाखवता येणार नाही.

तिसरी अडचण अॅपची. पैसे पाठवण्याच्या बटणावर सुंदर चिन्ह असते. पण त्याला नाव दिलेले नसेल, तर फोन नुसते 'बटण' म्हणतो. हे बटण पैसे पाठवणारे की व्यवहार रद्द करणारे, याचा अंदाज बांधून कोणी दोनदा टिचकी मारावी काय?

कायदा काय सांगतो?

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असे सांगतो. अंमलबजावणीत मात्र त्याचे निकष शिफारशींच्या पातळीवर राहिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत निश्चित करण्यास केंद्राला सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ग्राहकाची ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करण्याची अट अॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन यांना खात्यापासून दूर ठेवते, हा त्या प्रकरणाचा गाभा होता. न्यायालयाने त्यात २० निर्देश दिले. साहजिकच, यापुढे ही बाब सेवाभावाची राहिलेली नाही. ती जबाबदारी झाली आहे.

खर्च नव्हे, सवय

यातील बहुतेक उपाय महागडे नाहीत. नोटिशीच्या छायाचित्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून पाठवणे, कार्यालयाने कागद छापून, पुन्हा स्कॅन करून संकेतस्थळावर टाकण्याऐवजी मूळ फाइल ठेवणे, अॅप तयार करणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव देणे आणि बाजारात आणण्यापूर्वी ते एकदा डोळे मिटून वापरून पाहणे, एवढे केले तरी मोठा फरक पडेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली आणि त्याचा यथोचित आनंद साजरा झाला. भाषेचे वैभव ग्रंथांत असते, तसेच ते पाणी बंद राहणार असल्याच्या दोन ओळींच्या नोटिशीतही असते. ती नोटीस तिसऱ्या मजल्यावरच्या दृष्टिहीन रहिवाशाला शेजाऱ्याचे दार न ठोठावता कळली पाहिजे. फोन वाचायला तयार आहे. त्याला वाचता येईल असे लिहून देणे आता आपल्याकडे आहे.