घोरणारे पोर मठ्ठ नसते

दुपारच्या वर्गात डुलक्या काढणारे, तोंड उघडे टाकून बसणारे मूल शाळेला लगेच ‘मठ्ठ’ वाटते. आपल्या लेकरांवर हा शिक्का फार लवकर बसतो आणि पुसायला वर्षे लागतात. माझे म्हणणे असे की, शिक्का मारण्याआधी ते मूल रात्री कसे झोपते हे कोणीतरी विचारावे.

घोरणे म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे समज आहे. ‘बापासारखं घोरतं पोरगं’ म्हणून आपण हसून सोडून देतो. पण रोज घोरणारे, झोपेत श्वास अडकून दचकणारे मूल विश्रांती घेत नसते, ते श्वासासाठी झगडत असते. लाळेने ओली उशी, सकाळी कोरडे तोंड, डोकेदुखी, चिडचिड आणि काही मुलांत मोठेपणीही अंथरूण ओले होणे, ही त्याची लक्षणे. त्यासाठी मार खाणारी मुले मी पाहिली आहेत. रात्री दचकते म्हणून उतारा टाकणारी घरेही पाहिली आहेत. भिंतीवर बाबासाहेब आणि दारात लिंबू-मिरची, हे आता तरी थांबवा.

नाक हवा गाळते, ओलसर आणि गरम करून आत सोडते. तोंडातून हवा तशीच जाते. तोंड कोरडे पडते, लाळ कमी पडते. लाळ ही दातांची राखण करते. ती आटली की कीड लवकर लागते, हिरड्या सुजतात, तोंडाला वास येतो. मग कितीही महागडी पेस्ट आणा. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तोंड मिटलेले असताना जीभ वर टाळूला टेकलेली असते आणि वाढत्या वयात वरचा जबडा रुंद व्हायला तिचा आधार मिळतो. तोंड सतत उघडे राहिले की जीभ खाली पडते, जबडा अरुंद राहू शकतो, दात एकमेकांवर चढतात.

जीभ, ओठ, गाल आणि घसा यांच्या स्नायूंना पुन्हा वळण लावण्याच्या व्यायामांना मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. नाव भारी आहे, काम साधे. घोड्याच्या टापांसारखा जिभेने टक्-टक् आवाज काढणे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून टाळूवरून मागे सरकवणे. सगळी जीभ टाळूला दाबून धरणे. आइस्क्रीमची चपटी काडी फक्त ओठांत धरून नाकाने श्वास घेणे. सामान काय लागते, तर ती काडी. मात्र रोज, आणि दोन-तीन महिने तरी करावे लागते.

याला अभ्यासाचा आधार आहे. २००९ साली ब्राझीलमध्ये झोपेत श्वास अडणाऱ्या ३१ रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांनी तीन महिने असे व्यायाम केले, त्यांचा श्वास अडण्याचे प्रमाण ताशी सुमारे २२ वेळांवरून १४ च्या आसपास आले. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मोठ्यांमध्ये हे प्रमाण जवळपास निम्म्याने आणि मुलांमध्ये सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मुले त्यात थोडीच होती, तेही लक्षात ठेवू.

पण व्यायाम हा ताईत नव्हे. आधी नाक मोकळे हवे. स्टीलची ताटली नाकाखाली धरा. दोन्ही बाजूंनी वाफ धरते का पाहा. नाकामागच्या अॅडेनॉइडच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढले असतील तर जिभेच्या व्यायामाने वाट मोकळी होणार नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञच लागतील. दहा बाय दहाच्या खोलीत रात्रभर मच्छर अगरबत्ती जळत असेल तर नाक चोंदणारच. ती बंद करा, मच्छरदाणी लावा. मोठ्या माणसाचा श्वास झोपेत थांबत असेल, दिवसा रिक्षा चालवताना डोळा लागत असेल, तर त्यांनाही तपासणीला न्या. काहींना रात्री मशीन लावावेच लागते. आणि तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचे व्हिडिओ फिरतात, ते मुलांवर अजिबात करून पाहू नका.

माझा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. हेच व्यायाम शहरातल्या दवाखान्यांत पॅकेज म्हणून विकले जातात आणि आपल्या वस्तीत त्याचे नावही पोहोचत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात, दात बघतात. मग ‘मूल घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का’ हा एक प्रश्न विचारायला काय खर्च येतो? पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे, तिथे वाचा-उपचारतज्ज्ञाचे पदही धरलेले आहे. तिथे हे व्यायाम मोफत शिकवले जावेत. पद रिकामे असेल तर ते भरा, अशी मागणी महिला मंडळांनी लेखी द्यावी.

तोवर एक करा. मूल झोपले की मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. चेहरा आणि छाती दिसेल, आवाज ऐकू येईल असा. डॉक्टरांसमोर तुमचे पोर जागे असते, घोरत नसते. तो व्हिडिओ दाखवा आणि शाळेतल्या बाईंनाही दाखवा.