बोटीवरचा पंक्तिभेद

पापांची यादी आपल्याकडे भली मोठी आहे. पण त्यातली बहुतेक पापं माणूस एकट्यानं, लपूनछपून करतो. चारचौघांदेखत, भर मांडवात घडणारं पाप एकच, ते म्हणजे पंक्तिभेद. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पानात जिलबी आणि दुसऱ्याच्या पानात नुसती जिलबीची आशा, असं झालं की आमच्या इंदापूर तालुक्यात सोयरीक मोडायची वेळ येते. एका लग्नात वाढप्यानं नवऱ्या मुलाच्या मामांना मठ्ठा दोनदा वाढला आणि काकांना एकदाच. त्या नवऱ्या मुलाची मुलगी आता कॉलेजात जाते, पण काका अजून मामांकडे पाणीसुद्धा पीत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जे जमिनीवर पाप आहे ते पाण्यावरही पापच असलं पाहिजे. पाण्यावर त्याला 'स्पेशालिटी रेस्टॉरंट' असं नाव देऊन वर पैसे घेतले, म्हणून त्याचं पुण्य होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बारामतीच्या बँकेतल्या कारकुनाचा आणि बोटीचा संबंध काय? बारामतीला कऱ्हा नदी आहे, निरेचा कालवा आहे, समुद्र नाही. कबूल. पण २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' धावू लागली, २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची बोट मुंबईहून सुटू लागली, आणि तेव्हापासून समुद्र मोबाइलवरून थेट आमच्या शाखेत यायला लागला. पूर्वी दिवाळीची सुट्टी संपली की डबे उघडताना महाबळेश्वरच्या थंडीच्या गोष्टी निघत. आता पहिला प्रश्न असतो, "स्पेशालिटीमध्ये जेवलात की नाही?" नाही म्हणणाऱ्याकडे लोक असं बघतात, जणू तो पंढरपूरला जाऊन नुसता एसटी स्टँड बघून आला.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. क्रूझच्या तिकिटात राहणं आणि जेवणं दोन्ही धरलेलं असतं. एक मोठं जेवणघर असतं, बुफे असतो, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माणूस खाऊ शकतो. पोट नाही म्हणालं तरी तिकीट हो म्हणत असतं. शिवाय त्याच बोटीवर आणखी दोनचार छोटी उपाहारगृहं असतात. एक इटालियन, एक जपानी, एक नुसत्या भाजलेल्या मांसाचं. तिथं तिकीट चालत नाही. कुठे माणशी ठोक रक्कम मोजायची, तिला कव्हर चार्ज म्हणतात. कुठे पदार्थागणिक बिल.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या मेव्हण्यानं आम्हां उभयतांना आग्रहानं अशा एका बोटीवर नेलं होतं. बोटीचं नाव सांगत नाही. बँकेत वीस वर्षं काढल्यावर खातेदाराचं नाव बाहेर फोडू नये एवढं मला समजतं. पहिल्या रात्री आम्ही बुफेत जेवलो. सॅलडांच्याच मला अकरा जाती मोजता आल्या. गोडाचं टेबल तर इतकं लांब होतं, की सौ. एका टोकाला केक घेत असताना मी दुसऱ्या टोकाला होतो आणि आम्हांला एकमेकांना हाका माराव्या लागल्या. आम्ही तृप्त होतो. राजाच्या घरी जेवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या रात्री मेव्हणा म्हणाला, "दाजी, रोज रोज साधं काय जेवायचं? आज स्पेशालिटी."

साधं! वाचकहो, माझा सगळा राग या एका शब्दावर आहे. आदल्या रात्री जी मेजवानी होती, ती त्या एका शब्दासरशी मेसचं जेवण झाली. भाजी तीच, केक तोच, पण आता त्यांच्यावर 'उरलेल्यांचं' असा शिक्का बसला. स्पेशालिटी रेस्टॉरंटची खरी करामत त्याच्या स्वयंपाकात नसते. शेजारच्याचं पान एका फटक्यात हलकं करणं ही त्याची करामत. शास्त्रकारांनी पंक्तिभेदाला पाप म्हटलं ते काही जिलबीच्या हिशेबासाठी नव्हे. जिलबी न मिळालेल्याला आपला वरणभातही गोड लागेनासा होतो, म्हणून म्हटलं.

आम्ही गेलो त्या जपानी उपाहारगृहात लोखंडी तव्याभोवती बसायचं असतं. मधे उभा राहून आचारी उलथनी वाजवतो, अंडं हवेत उडवतो आणि टोपीत झेलतो. लोक टाळ्या वाजवतात. सौ. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, हे पैसे स्वयंपाकाचे का सर्कशीचे?" एसटी स्टँडाबाहेरचा भुर्जीवाला दोन उलथन्यांचा असाच ठेका धरतो, एका हातानं अंडं फोडतो आणि त्याच वेळी शेजाऱ्याशी ऊसदरावर वादही घालतो. त्याचा कव्हर चार्ज कुणी ऐकलाय? मोरोपंतांनी आमच्या बारामतीत बसून एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. तऱ्हा एकशे आठ, पण दर तऱ्हेला श्रोत्यांकडून वेगळे पैसे घेतल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तेव्हा जरा हिशेबाकडे वळतो. प्रवाशानं तिकीट काढलं तेव्हा त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे बोटीच्या खात्यात जमा झाले. प्रवासी स्पेशालिटीत जेवला, म्हणजे तिकिटातलं जेवण त्यानं खाल्लंच नाही. ते पैसे परत मिळतात का? नाही. उलट दुसऱ्या जेवणाचे पुन्हा नावे पडतात. आमच्या बँकेत एकच रक्कम दोनदा नावे पडली तर तिला चूक म्हणतात. ती सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही आणि सापडली की उलट नोंद घालतात. बोटीवर तिला चोखंदळपणा म्हणतात.

ही युक्ती नवी नाही. १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर रिट्झच्या नावानं निराळं उपाहारगृह निघालं. मुख्य जेवणघर सोडून पैसे टाकून तिथं जेवायचं. ते चाललं म्हणून इतरांनी उचललं. १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही ते होतं, फक्त पहिल्या वर्गासाठी. पण त्या लोकांना निदान जमाखर्चाची चाड होती. जो सगळी जेवणं त्या उपाहारगृहातच घेईल, त्याला तिकिटात काही पौंडांची सूट मिळे. शंभर वर्षांत बोटी कुठल्या कुठे गेल्या, सूट तेवढी बुडाली.

तिथं आणखी एक गोष्ट बुडाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या उपाहारगृहाचे आचारी आणि वाढपी बोटीचे नोकर नव्हते, ठेकेदाराचे होते. सत्तरएक माणसं असतील. वाचले तीन. त्यांतल्या दोन कॅशियर बायका. म्हणजे जेवणाऱ्यांची पंगत वेगळी, तशी जगणाऱ्यांचीही वेगळी. आज कुठल्याही मोठ्या बोटीवर पाय ठेवला की आधी जीवरक्षक जाकिटाची कवायत होते. स्पेशालिटीवाला, बुफेवाला, सगळे आपापल्या ठरलेल्या जागी मुकाट्यानं उभे. संकटात पंक्तिभेद नको एवढं जगाला पटलं, ते दीड हजार माणसं गेल्यावर. जेवणात नको हे पटायला काय लागेल, देव जाणे.

आमचे हेडकॅशियर या विषयावर माझ्याशी रोज भांडतात. ते म्हणतात, "तुम्ही बारामतीत हॉटेलात जाता, तिथंही आवडीप्रमाणे पैसे देताच ना? मग बोटीनं काय घोडं मारलंय?" प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तरही आहे. बारामतीत एक हॉटेल महाग वाटलं तर मी उठून दुसरीकडे जातो, नाहीतर घरी जाऊन पिठलं खातो. समुद्रात उठून कुठे जाऊ? शिवाय हॉटेलवाल्यानं माझ्याकडून आधी जेवणाचे पैसे घेऊन, मग आतल्या खोलीत याहून बरं जेवण आहे असं सांगितलेलं नसतं. वेगळं जेवण असू नये असं मी म्हणत नाही. जैन मंडळींचं वेगळं असतं, मधुमेहींचं वेगळं असतं. ती पोटाची गरज. लग्नातही उपासाच्या माणसाला साबुदाणा वेगळा येतो, त्यावर कुणी रुसत नाही. रुसवा होतो तो वेगळेपणाची किंमत लावली की.

हेडकॅशियरना हे पटत नाही, त्यालाही कारण आहे. हल्ली बँकांतही बड्या खातेदारांसाठी निराळा सोफा, निराळा चहा निघालाय. काउंटरवर पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग दारापर्यंत, आणि काचेपलीकडे एकच गृहस्थ गार हवेत बिस्किट खातोय. ती काच बघितली की मला बोट आठवते.

आता म्हणाल, एवढं तावातावानं बोलायचं कारण काय? जाणारे जातील, देणारे देतील. कारण असं, की ही गोष्ट आमच्या दारात येऊ घातली आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर जलपर्यटन आणायची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. आमच्या शाखेतले दर्यावर्दी आत्तापासून म्हणतात, "भिगवणला क्रूझ पाहिजे. तरंगतं स्पेशालिटी रेस्टॉरंट पाहिजे!"

अहो, भिगवणला स्पेशालिटी आणता? पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही मच्छी खानावळीत जाऊन बसा. चिलापी तव्यावरून येते, सोबत भाकरी, रस्सा, कांदा, लिंबू. एका टेबलावर ट्रकवाला, शेजारी साखर कारखान्याचा माणूस, पलीकडे पुण्याहून रोहित पक्षी बघायला आलेलं, गळ्यात दुर्बीण घातलेलं जोडपं. तिघांच्या वाटीत एकाच पातेल्यातला रस्सा. आणि चिलापी मूळची आफ्रिकेतली! बोटीवर असती तर परदेशी म्हणून तिला वेगळं दार, वेगळा दर आणि मंद दिवे लागले असते. इथं ती भाकरीबरोबर गुमान येते.

हे पाणी आम्हांला फुकट मिळालेलं नाही. धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसीचं. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे आमच्या भाषेत मिनिमम बॅलन्स. त्या पाण्याखाली गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. आमच्या आजोबांची जमीनही तिथंच कुठेतरी आहे. ती मात्र वर येत नाही. गावं सर्वांची बुडाली, पाटलाचीही आणि मजुराचीही. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, तेही सर्वांना सारखंच वाढलं जातं. बुडण्यात पंगत एक होती, घाणीत पंगत एक आहे. मग जेवायची वेळ आली की दोन का?

आणि बोटीच हव्या असतील तर त्या आहेतच. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतली माणसं रोजच्या कामाला याच पाण्यातून इकडून तिकडे जातात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी अशी एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. त्या पाण्यावर आधी काय यावं, मंद दिव्यांचं जेवणघर की प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जाकीट, हे ठरवायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

हिवाळ्यात कुंभारगावला जाऊन बघा. उथळ पाण्यात शेकडो रोहित पक्षी ओळीनं उभे असतात, माना खाली, चोची उलट्या. त्या एवढ्या पाहुण्यांत कुणासाठी वेगळं पाणी राखलेलं नसतं. कच्छहून येऊनही त्यांना जे समजलं, ते आमच्या हेडकॅशियरना बारामतीत राहून समजू नये?

तेव्हा उजनीवर बोट जरूर आणा. पाणी आधी स्वच्छ करा, जाकिटं सगळ्यांना द्या, बोट चालवायला आणि रांधायला इथलीच माणसं घ्या. पण चूल एक ठेवा, पातेलं एक ठेवा, आणि ज्याला जास्त लागेल त्याला दुसऱ्यांदा वाढा. एवढं करूनही कुणाला स्पेशालिटी हवीच असेल, तर त्यानं वाढपी जिथून सुरुवात करतो तिथलं पहिलं पान धरावं. मराठी पंगतीत तेवढी एकच खास जागा मान्य आहे, आणि तिलाही कव्हर चार्ज नाही.