स्वगत : कबुली की युक्तिवाद?

एलिझाबेथकालीन शोकात्मिकेविषयीच्या विद्यापीठीय लेखनात एक गृहीतक इतके रुळले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरजच कोणाला भासत नाही. नायक रंगमंचावर एकटा उरला की तो खरे बोलतो. सबब स्वगत ही त्याच्या अंतःकरणाची खिडकी होय, असे हे गृहीतक. हॅम्लेट स्वतःला दिरंगाईबद्दल दोष देतो, म्हणून तो दीर्घसूत्री. मॅकबेथ महत्त्वाकांक्षेचे नाव घेतो, म्हणून तो महत्त्वाकांक्षी. स्वभावचित्रणाच्या नावाखाली येथे घडते ते एवढेच की, आरोपीचा जबाब निकालपत्र म्हणून उतरवून घेतला जातो. शोकात्म नायकाला स्वतःविषयी भ्रम असू शकतो ही शक्यताच या वाचनात उरत नाही. आणि ती उरली नाही तर शोकात्मिकेचेही फारसे काही उरत नाही.

मराठी समीक्षेत या गोंधळाला संज्ञेनेही हातभार लावला आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने नाट्यगत भाषणाची विभागणी श्रवणाच्या निकषावर केली : सर्वांना ऐकू जाणारे ते ‘प्रकाश’, मोजक्यांनाच ऐकू जाणारे ते ‘जनांतिक’ व ‘अपवारित’, आणि इतर पात्रांना ऐकूच न जाणारे ते ‘स्वगत’. ‘सॉलिलॉक्वी’साठी हीच संज्ञा रूढ झाली, आणि तिच्यामागोमाग अश्राव्यतेचा संकेतही आला. परंतु एलिझाबेथन रंगभूमीवरील एकट्याचे भाषण हे मुळात भाषणच होते. सज्जातील ज्युलिएट स्वतःशी बोलते आणि खाली उभा असलेला रोमिओ ते ऐकतो. १५९९ साली उभारलेल्या ग्लोबमध्ये प्रयोग दिवसाउजेडी होत आणि पुढे आलेल्या मंचाला प्रेक्षकांनी तीन बाजूंनी वेढलेले असे. ग्रामर स्कूलमध्ये एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी बोलण्याचा सराव करून घेतला जाई. अशा संस्कृतीतले नाट्यभाषण बाजू मांडते, वळवते, पटवते. आणि नायक एकटा असतो तेव्हा पटवायचे असते ते प्रथम स्वतःलाच.

मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’चे आरंभीचे स्वगत या दृष्टीने निर्णायक आहे. फॉस्टस तर्कशास्त्र, वैद्यक व कायदा बाजूला सारून बायबल उघडतो आणि दोन वचने वाचून धर्मशास्त्रही निकालात काढतो. पापाचे फळ मृत्यू, एवढे तो वाचतो. त्याच वचनात पुढे येणारे शाश्वत जीवनाचे दान गाळतो. कोणीही निष्पाप नाही, एवढे वाचतो. लगतच्या वचनातील क्षमेचे आश्वासन सोडून देतो. १५५९च्या कायद्याने चर्चला जाणे बंधनकारक असलेल्या प्रेक्षकाला ही गाळलेली जागा ऐकू येत असणार. फॉस्टसचा स्वभाव कळतो तो त्याच्या शब्दांतून नव्हे, तर त्याच्या वाचनातील लबाडीतून. आपण लबाडी करीत आहोत हे त्याचे त्यालाही उमगत नाही, हीच त्याची शोकात्मता.

‘हॅम्लेट’मधील सर्वांत प्रसिद्ध स्वगताला आत्मकथन मानणाऱ्यांनी त्याचे व्याकरण तपासलेले दिसत नाही. ऑफिलियाला उद्देशून येणाऱ्या शेवटच्या शब्दांपर्यंत त्यात प्रथमपुरुषी एकवचन एकदाही येत नाही. आहे तो ‘आम्ही’. हे हृदयाचे उघडणे नसून सर्वसामान्य प्रश्नावरील वादविवाद आहे, आणि बापाच्या पिशाच्चाला भेटलेला माणूस त्यात मृत्यूच्या प्रदेशातून कोणी परतत नाही असे बजावतो! शिवाय १६०३च्या क्वार्टोत हे स्वगत नंतरच्या संहितांपेक्षा बरेच आधी येते. चौथ्या अंकातील आत्मनिर्भर्त्सनेचे स्वगत १६०४–०५च्या क्वार्टोत आहे, १६२३च्या फोलिओत नाही. स्वगत हेच नायकाचे अंतरंग असेल, तर यांपैकी कोणते अंतरंग खरे मानायचे?

प्रार्थनेच्या प्रसंगात तर एक स्वगत दुसऱ्याला खोटे पाडते. क्लॉडियस प्रार्थनेत आहे, आत्ता मारला तर स्वर्गाला जाईल, असा युक्तिवाद करून हॅम्लेट तलवार आवरतो. तो निघून गेल्यावर क्लॉडियस कबूल करतो की त्याची प्रार्थना पोकळ होती. हॅम्लेटचे कारण जॉन्सन यांनी शब्दशः घेतले व ते त्यांना भयंकर वाटले. कोलरिज यांना ते निमित्त वाटले. शब्द एकच, निष्कर्ष विरुद्ध. स्वगत स्वयंप्रमाण नाही याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

‘मॅकबेथ’ काटेकोरपणे जेकोबियन काळातले. तथापि संकेत तोच. डंकनच्या वधाविरुद्ध मॅकबेथ एकांतात आप्तसंबंध, आतिथ्यधर्म व राजाचे सद्गुण यांची साक्ष काढतो. पत्नी येताच मात्र तो नव्याने लाभलेल्या मानमरातबाची सबब पुढे करतो. स्वभाव दडला आहे तो या दोन जबाबांमधील अंतरात. त्यांपैकी कोणत्याही एकात नव्हे.

कॅथरीन बेल्सी, फ्रान्सिस बार्कर यांनी १९८०च्या दशकात उलट टोक गाठले : आधुनिक अर्थाचे अंतरंग त्या काळी घडलेलेच नव्हते, त्यामुळे हॅम्लेटच्या आत शोधावे असे काही नाही. हे प्रतिपादन ब्रॅडली-परंपरेला धक्का देते खरे, पण तिची मूळ प्रतिमा मात्र शाबूत ठेवते. एकाने खिडकीतून डोकावून घर भरलेले पाहिले, दुसऱ्याने रिकामे पाहिले. खिडकी दोघांनीही मान्य केली. स्वभाव ही आत ठेवलेली वस्तू नव्हे. पात्र युक्तिवाद कसा करते, काय आधी मांडते, काय गाळते, कोठे घाईने निष्कर्ष काढते, यांतून तो घडत जातो.

खिडकीचा सिद्धान्त खरा असता तर लिअर अनाकलनीय ठरला असता, कारण त्याच्या वाट्याला जवळजवळ एकही स्वगत नाही. आणि ‘ऑथेल्लो’त सर्वाधिक पारदर्शक ठरला असता तो इयागो. प्रत्यक्षात इयागो स्वगतांमागून स्वगते बोलतो, प्रत्येक वेळी नवे कारण देतो आणि दर कारणागणिक अधिक अनाकलनीय होत जातो.

‘स्वगतातून नायकाचा स्वभाव कसा उलगडतो’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे विचारला जातो आणि त्याचे उत्तर म्हणून स्वगतांचा सारांश स्वीकारला जातो. सारांश लिहिणारा विद्यार्थी नायकावर विश्वास ठेवण्यास शिकतो. नाटकाने मात्र त्याला नायकाची उलटतपासणी घेण्यासाठी बोलावलेले असते.