शितावरून भाताची परीक्षा येथे करू नये

हंडीतले एक शीत दाबून भात शिजला की नाही हे घरातील कोणीही सांगते. स्नायूच्या बायॉप्सीचा कागदही पुष्कळ लोक याच हिशेबाने वाचतात. मांडीतून तुकडा काढला, मोठ्या शहरात पाठविला, ‘नॉर्मल’ असे उत्तर आले, म्हणजे पोराला काही झालेले नाही, तो अंग चोरतो, असा निकाल घरात लागतो. उलट कागदावर लाल तंतूंचा उल्लेख दिसला की सारे संपले म्हणून घरची माणसे हातपाय गाळतात. मायटोकॉन्ड्रियाच्या विकाराचा संशय असताना हे दोन्ही निकाल चुकीचे ठरू शकतात, आणि त्याची किंमत आजारी माणूस मोजतो.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातील तंतुकणिका. खाल्लेल्या अन्नातून प्राणवायूच्या साह्याने शक्ती काढून देण्याचे काम त्या जवळजवळ प्रत्येक पेशीत करतात. हे काम पाच टप्प्यांनी होते. (डेरिसच्या मुळांतून निघणारे रोटेनोन हे जुने कीटकनाशक किडीच्या पेशीतील पहिला टप्पाच बंद पाडते, म्हणून कीड मरते.) माणसात जन्मतःच यांपैकी एखादा टप्पा अधू असला तर ज्या अवयवांना शक्ती जास्त लागते ते आधी थकतात. पापण्या खाली पडतात, थोडे चालले की पाय भरून येतात, कोणाला ऐकू कमी येते, कोणाला फेफरे येते, कोणाला लहान वयात मधुमेह होतो. असा पहिला रुग्ण १९६२ साली स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केला. पुढच्याच वर्षी एंगल आणि कनिंगहॅम यांनी स्नायू रंगविण्याची एक सुधारलेली पद्धत दिली. तिच्यात तंतुकणिका लाल दिसतात. काम होत नाही म्हणून पेशी नव्या नव्या तंतुकणिका तयार करीत राहते, त्या तंतूच्या कडेला गोळा होतात आणि तो तंतू लाल व फाटक्या कडांचा दिसतो. कागदावरील ‘रॅगेड रेड फायबर’ ते हेच.

आता शेतकऱ्याला सहज पटेल अशी गोष्ट सांगतो. माती तपासायला द्यायची तर आपण शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती घेतो, बांधाजवळची व उकिरड्याजवळची टाळतो, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात ती भरीत नाही. बायॉप्सीत मात्र एकाच जागेचा लहानसा तुकडा मिळतो. शिवाय तंतुकणिकांचा दोष सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. चांगले व किडके बियाणे एका पोत्यात मिसळले असावे, तसे एकाच माणसात चांगल्या व सदोष तंतुकणिका मिसळलेल्या असतात. डोळ्यांच्या स्नायूत दोष पुष्कळ, मांडीत थोडा आणि रक्तात जवळजवळ नाही, असेही घडते. तेव्हा एका मुठीत किडके दाणे आले नाहीत म्हणून पोते निर्मळ आहे असे कोणी म्हणू नये. लहान मुलांत तर हा विकार नक्की असूनही लाल तंतू बहुधा दिसतच नाहीत.

तुकडा कसा पाठविला हेही पाहावे लागते. तो ताजा असतानाच अतिशय थंड करून गोठवावा लागतो. फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला की स्नायूची ठेवण दिसते, पण त्यातील एन्झाइमांचे काम संपते व त्यांची तपासणी करता येत नाही. या तपासण्यांपैकी दोन महत्त्वाच्या. सीओएक्सची तपासणी चौथा टप्पा पाहते आणि एसडीएचची दुसरा. दुसऱ्या टप्प्याची सर्व जनुके पेशीच्या केंद्रकात असतात. म्हणून तंतुकणिकांच्या स्वतःच्या जनुकांत दोष असला तर पुष्कळदा सीओएक्सचा तपकिरी रंग उमटत नाही, पण एसडीएचचा निळा रंग गडद येतो. या दोन तपासण्या झाल्याच नसतील तर ‘नॉर्मल’ या शब्दाला या विकारापुरता फारसा अर्थ नाही, असे आमचे मत आहे. डॉक्टरांना हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आपण पैसे मोजले आहेत आणि मांडीवरचा व्रणही आपलाच आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वय वाढले की निरोगी माणसातही असे काही तंतू सापडतात. म्हणून डॉक्टरांच्या निकषांत पन्नाशीच्या आत सीओएक्सचा रंग न घेणारे तंतू २ टक्क्यांहून अधिक, आणि पन्नाशीनंतर ५ टक्क्यांहून अधिक असले तरच त्यांना मोठे वजन देतात. स्नायूच्या काही वेगळ्या आजारांत, तसेच एचआयव्हीवरील झिडोव्ह्यूडीन या औषधाने, लाल तंतू दिसू शकतात. साठीच्या आजोबांच्या अहवालात दोन-चार तंतू आले म्हणून साऱ्या घराण्याला रोगी ठरविणे योग्य नाही.

कागदावर कधी वेगळीच ओळ असते, ती म्हणजे तंतूंत चरबीचे थेंब फार साठले आहेत. ही ओळ वाचून कागद कपाटात ठेवू नये. तंतुकणिकांत चरबी जाळण्याच्या कामातील एका दोषात असे दिसते, आणि त्या दोषाच्या अनेक रुग्णांना रिबोफ्लेव्हिन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाने पुष्कळ ताकद परत येते. या आजारांपैकी बहुतेकांवर पक्का इलाज नाही, म्हणून ज्या थोड्यांवर आहे ते हातचे घालवू नयेत.

अलीकडे क्रमही बदलला आहे. जनुकांची तपासणी सुलभ झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी आधी रक्त व लघवी तपासतात आणि गरज पडली तरच स्नायूला हात लावतात. ३२४३ या जागेवरील नेहमी आढळणारा दोष वयाबरोबर रक्तातून कमी होत जातो, पण लघवीतील पेशींत चांगला सापडतो. मोठ्या माणसाच्या पापण्या पडत असतील आणि जनुकाचा मोठा तुकडाच गळाला असेल, तर मात्र तो रक्तात न दिसता स्नायूत दिसतो. तेथे बायॉप्सीला तोड नाही. बेंगळुरूचे निम्हान्स व हैदराबादचे सीसीएमबी यांनी या विकारांवर एकत्र काम केले आहे, तेव्हा बेळगाव किंवा हैदराबादकडच्या वाचकांना त्यासाठी फार लांब जावे लागू नये.

सर्वांत दुखरी गोष्ट आईला दोष देण्याची. तंतुकणिकांची स्वतःची ३७ जनुके आईकडून येतात, एवढे ऐकून सासरची माणसे सुनेकडे बोट दाखवितात. पण त्यांच्या कामाला लागणारी शेकडो इतर जनुके केंद्रकात असतात आणि ती आई व बाप दोघांकडून येतात. मुलांतील पुष्कळ विकार या दुसऱ्या प्रकारचे असतात. आणि आईकडून आला तरी बियाणे तिने निवडलेले नाही. तिला तिच्या आईने दिले. जनुकाचा अहवाल हातात नसताना केवळ बायॉप्सीच्या कागदावरून धाकट्या मुलीचे लग्न मोडणे हा आमच्या मते सरळ अन्याय आहे.

संशय पक्का झालेला नसला तरी औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्यालाही तो सांगावा. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट हे चांगले औषध आहे, पण या विकारांच्या पोल्ग नावाच्या जनुकातील प्रकारात त्याने यकृत निकामी होऊ शकते. चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. आणि दुसऱ्यांदा तुकडा काढायचे ठरले, तर आधी पहिल्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. उरलेला भाग त्यांनी गोठवून ठेवला असेल तर पुष्कळदा त्यावरच राहिलेल्या तपासण्या होऊ शकतात.