संमेलन उठल्यानंतर

लोककला लोप पावते आहे, ती वेळीच टिपून ठेवली पाहिजे, अशी हाक देऊन कलावंतांना एका मांडवाखाली जमवण्याची रीत आपण समजतो तितकी अलीकडची नाही. जुलै १७९२ मध्ये आयर्लंडमधील बेलफास्टच्या प्रतिष्ठितांनी हीच हाक दिली आणि दहा आयरिश हार्पवादक तेथे जमले. त्यांतले सहा आंधळे होते. नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन तेवढा पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडत होता. बाकीच्यांनी ती जुनी पद्धत केव्हाच सोडली होती. उमरावांच्या घरोघरी वाजवत आयुष्य काढलेल्या आर्थर ओ'नीलला दुसरे बक्षीस मिळाले, आठ गिनींचे. पुढे त्याने आपल्या आठवणी सांगून लिहवून घेतल्या, म्हणून त्या जमावाकडे एका वादकाच्या बाजूनेही पाहता येते. एरवी अशा प्रसंगांचा इतिहास यजमानच लिहितात.

सूर टिपायला एकोणीस वर्षांचा एडवर्ड बंटिंग बसला होता. १७९६ मध्ये त्याने सहासष्ट चाली छापल्या, पण पियानोसाठी बसवून. ज्या वाद्याच्या काळजीने हा खटाटोप झाला, तेच पुस्तकातून बाहेर राहिले. गीतांचे आयरिश शब्द त्याने नंतर माणूस पाठवून गोळा करविले खरे, मात्र ते त्याच्या ग्रंथांत आले नाहीत. पुढे १८०८ मध्ये हार्प शिकवणारी संस्था निघाली, ओ'नील तेथे अंध मुलांना शिकवू लागला आणि १८१३ पर्यंत वर्गण्या आटून ती बंदही पडली. संमेलनाला पैसा मिळाला, शाळेला मिळाला नाही.

आपल्याकडे याचे उलटे प्रतिबिंब दिसते. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि इंग्रज अधिकारी अ‍ॅक्वर्थ यांनी गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे मिळवून १८९१ मध्ये छापले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण बेलफास्टने सूर घेऊन शब्द सोडले, तर आपण शब्द घेऊन सूर सोडले, आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने तो पोवाडा कसा उभा राहत असे हे कागदाला सांगता आले नाही. ही दोन्हीकडची उणीव पुढे ध्वनिमुद्रणाने भरून काढली. कैरोच्या १९३२ च्या अरबी संगीत परिषदेत हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक ध्वनिमुद्रण समितीवर होता. तबकडीने शब्द आणि सूर दोन्ही एकदम पकडले. तरीही तबकडी शिष्य घडवत नाही, ही जुनी अडचण तशीच उरली.

उरली म्हणजे किती, हे तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्याने दाखवले. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस आर्थिक ओढग्रस्तीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या, आणि आता त्यांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देते.

आजच्या संमेलनांत कॅमेरे बेलफास्टच्या लेखणीहून शतपट सूक्ष्म आहेत, आणि कलावंताला मिळणारा वेळ निवेदकाच्या भाषणाहून पुष्कळदा कमी असतो. (शाल मात्र चुकत नाही.) आयोजकांनी मांडव, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांच्या सरबराईबरोबरच बोलावलेल्या प्रत्येक वादकामागे एका शिष्याच्या वर्षभराच्या विद्यावेतनाची तरतूद अंदाजपत्रकात करावी; ती झेपत नसेल तर निमंत्रणे कमी काढावीत.