सायकलवारीआधी रंगीत तालीम हवीच

आषाढीला सायकलवरून पंढरपूर गाठणारे गट आता अनेक गावांतून निघतात. व्यायामाच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट आहे. मात्र निघायच्या आदल्या दिवशी नवी सीट आणि नवे बूट घेऊन ‘तयारी झाली’ म्हणणे मला मान्य नाही. सामानाची खरी परीक्षा दुकानात होत नाही, ती रस्त्यावर होते.

माझे स्पष्ट मत असे, की किमान १५ दिवस आधी, प्रवासात नेणार तेवढेच ओझे लादून, लागोपाठ दोन दिवस ४०-५० किलोमीटर सायकल चालवावी. दोन दिवस अशासाठी, की पहिल्या दिवशी उत्साहात दबलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळी बोलू लागते.

गुडघ्याचा पुढचा भाग दुखला, तर सीट बहुधा खाली आहे. मागची शीर ओढली जात असेल, तर ती फार वर आहे. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले असता पाय सरळ व्हावा, हा साधा हिशेब. करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होणे म्हणजे हँडलवर रेलल्याने तळहातातील मज्जातंतू दबत असल्याची खूण आहे. तिकडे दुर्लक्ष केल्यास हाताची पकड कमजोर होऊ शकते. हाताची जागा वरचेवर बदलावी.

ओझे पाठीवर घेऊ नये, कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. ब्रेक उतारावर आणि ओल्या रस्त्यावर भरल्या सायकलीनिशी तपासावेत. आषाढात रिमवर पाणी असते आणि रबरी ब्रेक उशिरा लागतात. रिकाम्या सायकलीला पुरणारा ब्रेक घाटात दगा देऊ शकतो. पंक्चरही घरी एकदा स्वतः काढून पाहावे.

एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे पेयसुद्धा तालमीतच पिऊन पाहावे. चमचा चहाचा घ्यावा. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

गटाच्या प्रमुखांना माझी विनंती आहे : ज्याने तालीम केली नाही, त्याचे नाव यादीत घेऊ नये. हे कठोर वाटेल. पण घाटात ब्रेक न लागलेल्या एका सायकलीमुळे मागचे-पुढचे चारजण पडतात. विठोबा वर्षभर तिथेच उभा आहे; तयारी नसेल, तर पुढच्या वर्षी जावे.